सोळाला एक दशांश कमी

तर मापकाकांनी रॅमची पट्टी तराजूत ठेवली, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. तराजू साधासुधा नव्हे. सोनारकामाचा, काचेच्या पेटीतला, शेजारी कुणी शिंकलं तरी काटा हलेल असा. एका पारड्यात सूनबाईच्या कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी पट्टी, चार जीबीची. दुसऱ्या पारड्यात नवी, आठ जीबीची. आणि काटा मधोमध उभा. काकांनी चष्मा पुसला, श्वास रोखला, पुन्हा बघितलं. काटा जागचा हलायला तयार नाही.

"दुप्पट माल आणि वजन तेवढंच," काका म्हणाले. "मला इथेच वास आला."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिने पट्ट्या बसवायला सांगितल्यात, तोलायला नाही."

काल जे हजर नव्हते त्यांच्यासाठी काकांची ओळख करून द्यायला हवी. काका वजनमापं तपासण्याच्या कचेरीत एकतीस वर्षं होते. बाजारातले काटे, दुधाची मापं, कापडाचे गज, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. खोटं निघालं की तार ओवायची, शिशाचं सील लावायचं, पकडीने दाबायचं आणि पुढच्या दुकानाकडे वळायचं. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा त्यांनी बंद केला, तर मेव्हणा दोन वर्षं घरी फिरकला नाही. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात बाळाला बघायच्या आधी त्यांनी बाळाचा काटा बघितला. तो वीस ग्रॅम पुढे निघाला. त्या दिवशी त्या दवाखान्यात जन्मलेली सगळी बाळं काकांनी पुन्हा तोलायला लावली आणि प्रत्येक आईला सांगून आले की तुमचं मूल वीस ग्रॅमने हलकं आहे, रागावू नका. काकू अजून म्हणतात, "माझ्या पोराचं वजन घटवणारा पहिला माणूस त्याचा बाप."

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पण निवृत्त झाले ते काका, त्यांचा आवाज नाही. पकड, तारेचं रीळ आणि शिशाच्या गोळ्या अजून सदऱ्याच्या खिशात.

आता सूनबाई. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात हे दोघं आणि ती. ती इमारतींचे नकाशे काढते. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली काढले, खाली नाव दुसऱ्याचंच. यंदा पहिल्यांदा एका शाळेच्या इमारतीचा नकाशा तिने स्वतःच्या नावाने करायला घेतला होता. तो शाळेकडे पाठवायचा होता त्याच दिवशी दुपारी चारच्या आत. चार वाजून एक मिनिट झालं की दार बंद. आणि कॉम्प्युटरचं म्हणाल, तर दुसऱ्या मजल्याचा जिना उघडला की तो गप्प बसायचा. ती चहा करून यायची, प्यायची, कप विसळायची, तेव्हा जिन्याच्या तीन पायऱ्या दिसायच्या.

म्हणून तिने रॅमच्या दोन नव्या पट्ट्या आणल्या. पण सकाळीच तिला जागेच्या मोजणीची प्रत आणायला जावं लागलं. म्हणाली, "बाबा, तुमचा हात नाजूक कामाला सरावलेला आहे. वायर काढायची, आधी लोखंडाला हात लावायचा, जुनी पट्टी काढायची, नव्या दोन्ही खाचेत टक् आवाज येईपर्यंत दाबायच्या. मग सुरू करून एकदा तपासून घ्या."

काकांना कुणी कधी "तपासून घ्या" म्हणत नसे. त्या घरातला तो अलिखित नियम होता. त्या दिवशी ती घाईत होती.

तर तोलून झाल्यावर काकांनी पट्ट्या बसवल्या. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर आठच. दुसरी पट्टी दिसेचना. काका खवळले नाहीत, उलट खुलले. पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फुंकर मारली, पुन्हा बसवली. टक्. आता सोळा. मग रॅम तपासायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, ती लावली. निळ्या पडद्यावर टक्के सरकत होते आणि काका समोर खुर्ची टाकून दर पाच टक्क्यांना वहीत वेळ लिहीत होते. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली. "माल काट्यावर आहे," काका म्हणाले. तासाभराने निकाल आला, काही दोष नाही.

इथे उठले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांनी एकदा शेवटचं म्हणून रॅमचा आकडा उघडून बघितला. सोळा जीबी, असं लिहिलं होतं. आणि त्याला लागूनच, बारीक अक्षरात: वापरण्याजोगे पंधरा पूर्णांक नऊ.

काकांनी वाक्य तीनदा वाचलं. मग काकूंना बोलावून चौथ्यांदा वाचून घेतलं.

"एक दशांश कमी," ते म्हणाले.

"मग काय झालं?" काकू म्हणाल्या. "एवढंसं."

"एवढंसंच असतं. एकतीस वर्षं एवढंसंच पकडत आलो."

आणि त्यांनी वायर काढली, वायर लावायच्या भोकावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली, कॉम्प्युटरच्या डब्यामागच्या कडीतून तार ओवली आणि शिशाचं सील दाबलं. तेव्हा बाराला दहा कमी होते. मग टोपी घालून ते रॅमच्या दुकानात गेले.

दुकानदार तरुण, हसतमुख. "या काका. बसली का रॅम?"

"बसली. सोळा सांगितली, पंधरा पूर्णांक नऊ भरली. उरलेली काढा."

दुकानदाराला आधी थट्टा वाटली. मग त्याने वही बघितली, टक्क्यांसकट. "काका, तेवढी मशीन स्वतःसाठी बाजूला ठेवतं. पडद्यावरचं चित्र काढायला लागते."

"कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी कसली? सगळीच मशीनं ठेवतात."

"सगळेच ठेवतात. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता."

दुकानदाराने समजावायच्या नादात एक चूक केली. स्वतःच्या बिलाच्या कॉम्प्युटरचा पडदा काकांकडे फिरवला. "हे बघा, माझ्याकडेही तसंच. आठ आहे, वापरण्याजोगी सात पूर्णांक नऊ."

"म्हणजे तूही फसवला गेलास," काका हळहळले, आणि खिशातून तार काढली.

काउंटरपाशी उभी असलेली गिऱ्हाइकं मागे सरली. काकांना कुठला अधिकार नाही, हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं, आणि काका ज्या आवाजात "हात बाजूला" म्हणाले त्या आवाजात सहा वर्षांची निवृत्ती कुठे ऐकूच आली नाही. पाच मिनिटांत बिलाचा कॉम्प्युटर सीलबंद. दुकानदार शटर ओढून काकांच्या मागोमाग निघाला. वाटभर म्हणत होता, "काका, निदान छपाईचं मशीन तरी चालू ठेवायचं."

सूनबाई अडीचला घरी आली. मोजणीची प्रत हातात, कपाळावर घाम. बघते तर टेबलाशी अनोळखी माणूस पडेल चेहऱ्याने चहा पितोय आणि तिच्या कॉम्प्युटरला शिशाचा मणी लोंबतोय.

"बाबा, हे काय?"

काकांनी सगळं सांगितलं. पट्ट्यांच्या वजनापासून. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चार वाजता शाळेचं दार बंद होतं, बाबा. नकाशा या डब्यात आहे. दुसरीकडे कुठेही नाही."

काकांचा हात खिशातल्या पकडीकडे गेला. तिथेच थांबला. काकांना ती आवडायची. मेव्हणा आवडायचा त्याहून जास्त. पण लावलेलं सील कारणाशिवाय त्यांनी कधी तोडलं नव्हतं. मेव्हण्यासाठी तोडलं नाही ते सुनेसाठी तोडलं, तर मेव्हण्याची दोन वर्षं फुकट गेली.

"नियमात काही सापडलं तर बघ," ते हळूच म्हणाले. ते जवळजवळ विनवणीच करत होते.

तिने कपाटातून काकांचं जुनं नियमांचं पुस्तक काढलं. "इथे लिहिलंय, प्रत्येक मापाला थोडी सूट असते."

"असते. पण सोळा किलोला शंभर ग्रॅम ही सूट नव्हे, दरोडा आहे."

तीन वाजले. दुकानदार म्हणाला, "ताई, मी दुसरी पट्टी देतो." ती म्हणाली, "दुसरीतही तेवढीच कमी दिसेल." तो म्हणाला, "हो, ते आहेच."

काकूंनी चहाचे कप उचलले. "मला वाटलं पोराचे वीस ग्रॅम तेवढे गेले. आता सुनेची शाळापण गेली."

सूनबाई पुस्तकाची पानं उलटतच होती. उलटता उलटता थांबली. "बाबा, तेलवाल्याकडे जायचात तेव्हा तेल डब्यासकट तोलायचात?"

"वेडी आहेस का. आधी रिकामा डबा तोलायचा. त्याचा धडा करायचा. डब्याचं वजन बाजूला काढून मग तेल."

"आणि डबा रिकामा तोलला नाही तर?"

"तर गिऱ्हाईक डबाही तेलाच्या भावाने नेईल."

"मग हा एक दशांश म्हणजे डबा आहे, बाबा. मशीनने चित्र काढायला लागणारं आधी बाजूला काढलंय आणि मग सांगितलंय, तेल पंधरा पूर्णांक नऊ. डब्यासकट सोळा. त्यांनी खोटं सांगितलेलं नाही. उलट दोन्ही आकडे लिहिलेत."

काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. चेहरा हळूहळू असा उजळला की जणू कुणी मेव्हण्याला परत आणून बसवलंय.

"धडा," ते म्हणाले. मग वळून दुकानदाराला, "हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"मला धडा म्हणजे काय ते आत्ता कळलं, काका."

"धडा डब्यावर लिहिलेला हवा," काका म्हणाले. सूनबाईने कागद फाडला, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "धडा ०.१", आणि डब्याला चिकटवला. सव्वातीन.

"काढा आता सील," काकू म्हणाल्या.

"दोन पंच लागतात."

दुकानदाराने हात वर केला. त्याचा माल, म्हणून तो बाद. सूनबाईचं काम, ती बाद. काकू घरच्या, त्याही बाद. मग काकू खाली गेल्या आणि तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना घेऊन आल्या. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून शिंपीणबाईंचं गिऱ्हाईकही आणलं. पोक्त गृहस्थ, अंगात अर्धवट शिवलेला कोट, एक बाही लावलेली, एक नाही, पाठीला टाचण्या.

"मला लग्नाला जायचंय," ते म्हणाले.

"पाठ टेकू नका," शिंपीणबाई म्हणाल्या.

काकांनी पंचनामा लिहायला घेतला. सुवाच्य अक्षर, एका बाजूला समास सोडून. सूनबाई घड्याळाकडे बघत होती. हे काकांना दिसत होतं. म्हणून एरवी तीन पानं झाली असती ती त्यांनी दीड पानात आटोपली. तीन पस्तीसला तार तुटली. कॉम्प्युटर सुरू झाला.

"वाचा," काका म्हणाले.

"पंधरा पूर्णांक नऊ," कोटवाले म्हणाले.

"डब्यावर काय लिहिलंय?"

"धडा शून्य पूर्णांक एक."

"बेरीज?"

कोटवाल्यांनी एकुलत्या बाहीतून बोटं काढून मोजलं. "सोळा."

"करा सही."

सूनबाईने नकाशा उघडला. दुसऱ्या मजल्याचा जिना उघडला. सगळ्या पायऱ्या एकदम आल्या, कठडा आला, वरची गच्चीसुद्धा आली. काकू म्हणाल्या, "बाई, मी चहा ठेवायला निघाले होते." मोजणीच्या प्रतीवरून दोन आकडे भरायचे होते, ते तिने भरले. तीन बावन्नला नकाशा गेला. तीन चोपन्नला शाळेकडून पोच आली, पोचीवर तिचं नाव. तिने ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. कोटवाल्यांनी टेकायचा मान तिला दिला, कारण त्यांना टेकता येत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "काका, आता माझं सील?" काका म्हणाले, "पंच घेऊनच निघू," आणि शिंपीणबाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढून सांगितलं की त्यांना गिऱ्हाईक आहे.

तेवढ्यात सूनबाईने घरच्या फायलीसाठी नकाशाचा एक कागद छापून आणला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. काढणारा आणि तपासणारा. पहिल्या चौकटीत तिचं नाव होतं. दुसरी रिकामी होती. तिने कागद काकांपुढे ठेवला, पेन उघडून दिलं आणि म्हणाली, "इथे तुमची सही हवी, बाबा."

काकांनी चौकट बघितली. मग पेन खाली ठेवून ते मोजपट्टी शोधायला उठले.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. "शाळा अजून बांधायचीय."

काका म्हणाले, "मग बांधून होऊ दे. प्रत्येक खोली मोजल्याशिवाय मी शाईने सही करणार नाही. तोवर माझं नाव तूच पेन्सिलीने लिहून ठेव, आणि मोजपट्टी कुणाला देऊ नकोस."