अहो धाकले

डोळ्यांदेखत पोरगं नदीच्या वळणाआड गेलं आणि मी हाक मारली नाही. मला आवाज नव्हता असं नाही. माहेरी, लोह्याला, मी माळवदावरून हाक मारली की स्टँडवरची कुत्री उठून बसायची. पण लग्न होऊन मांजरा नदीकाठच्या गावात आले आणि गुणाची सून व्हायचं खूळ डोक्यात शिरलं. त्या खुळापायी हाक घशातच राहिली.

खूळ कसलं ते सांगते. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही तेव्हा घरोघरची रीत. माझे सासरे मी यायच्या आधीच वारलेले. मी त्यांना फोटोतच पाहिलं, फेटा बांधलेले, रागावल्यासारखे. तरी मी त्यांचं नाव तर नाहीच, त्या नावातली अक्षरं ज्या धान्यात यायची त्या धान्याचंही नाव घेत नसे. दुकानात जाऊन "ते पिवळं द्या" म्हणायची. दुकानदार हळद बांधून द्यायचा. मी निमूट हळद घेऊन घरी, आणि आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, कपाळाला हात लावून मला परत पाठवायच्या. पण गल्लीत बायका म्हणायच्या, "सून बगा, कसं वळन हाय." तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर फुगून असायची.

थोरल्या दिराच्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलेलं. म्हणजे ते नाव घरातल्या एकाही बाईच्या तोंडून निघायचं नाही. आत्याबाईंच्या नवऱ्याचं ते नाव, आणि जाऊबाईंच्या व माझ्या सासऱ्याचं. मग आम्ही तिघी त्याला 'धाकले' म्हणायचो, आणि तेही मानानं. "अहो धाकले, नाक पुसा." "धाकले, आधी चड्डी घाला." तीन वर्षांचं लेकरू. त्याला वाटत असणार, जगात सगळ्यांशी असंच बोलतात.

त्या सालात लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस काही झाला नव्हता. जिल्हा उशाला आला म्हणून पुरुषमंडळी खूश होती. पूर्वी कामासाठी पार उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की लातूर. गावाला टँकर द्या म्हणून सांगायला सारखी चाललेली. टँकर यायचा नाही, पण सांगून आल्याचं समाधान घेऊन माणसं यायची.

आणि आम्ही बायका नदीत. नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत पुरुषभर खड्डा खणायचा, त्याला झिरा म्हणतात. तळाशी पाणी झिरपतं. बाईनं आत उतरून वाटीवाटीनं ते घागरीत भरायचं, थोडं भरलं की संपतं, मग पुन्हा झिरपेपर्यंत बसून राहायचं. उठलं की नंबर गेला. आटून गेलेल्या झिऱ्यावर बाभळीचे काटे टाकून ठेवायचे, म्हणजे गुरं आत पडत नाहीत. आमचे झिरे वरच्या अंगाला. बौद्ध वस्तीचे खालच्या अंगाला. मधली रेघ कुणी आखलेली नव्हती, पण दिसायची सगळ्यांना.

त्या दिवशी पुरुष लातूरला गेलेले. जाऊबाई तापानं पडलेल्या, म्हणून धाकले माझ्याबरोबर. मी झिऱ्यात उतरलेली, ते वर वाळूत खेळत होते. काठावर करंजाच्या सावलीत आमचे चुलतसासरे काठी घेऊन बसलेले. आपल्या झिऱ्याचं पाणी दुसऱ्या कुणी नेऊ नये, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी फार मन लावून केलं.

एक टिटवी वाळूवर धावत होती. टिटवीची अंडी उघड्यावरच असतात. कुणी जवळ आलं की ती पंख मोडल्यासारखी लंगडत लंगडत त्याला लांब नेते. गुराढोरांना फसवते, माणसांनाही. धाकले तिच्या मागं निघाले. लाल सदरा, कमरेला काळा करगोटा, खाली काही नाही. वळणापाशी गेले तेव्हा मी झिऱ्यातून मान वर काढून पाहिलं. तोंड उघडलं. आणि करंजाखाली चुलतसासरे दिसले.

थोरांदेखत सुनेनं ओरडायचं? आणि ओरडून म्हणायचं काय? नाव घ्यायचं नाही. "अहो धाकले" म्हणून बोंबलले तर म्हातारा हसेल, नाहीतर रागावेल. दोन्हीची मला सारखीच भीती. मी मनाशी म्हटलं, घागर होऊ दे, मग जाऊन आणते. पाणी तेव्हाच कुठं जमायला लागलं होतं.

घागर भरली. चुंबळ डोक्यावर ठेवली, मग काढली, घागर तिथंच ठेवून वळणापाशी गेले. वाळू होती. टिटवी होती, अंड्यांवर परत येऊन बसलेली. धाकले नव्हते.

मी चालत सुटले. धावलेही नाही, गुणाची सून ना. तोंडातल्या तोंडात "धाकले, धाकले" करत ती रेघ कधी ओलांडली कळलं नाही. खालच्या झिऱ्यावर वस्तीतली एक बाई पाणी भरत होती, माझ्याच वयाची, कमरेला पदर खोचलेली.

"काय हुडकायलीस?" तिनं विचारलं.

"लेकरू."

"कुनाचं? नाव काय त्याचं?"

मी पदर तोंडाशी धरला.

"अगं, नाव सांग की. हाक मारू."

"आमच्या मामंजींचं नाव हाय," मी म्हटलं.

"बरं, मग मामंजींचं काय नाव?"

मी खाली पाहिलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की अजून कधीकधी आरशासमोर उभी राहिले की तीच नजर मला दिसते. "तोंडात जीभ हाय का ती बी म्हायेरी ठिवून आलीस?" म्हणाली. भरलेली घागर तिनं वाळूत तशीच लवंडू दिली, दुष्काळात, आणि काठावर चढून वस्तीकडं तोंड करून ओरडली, "लेकरू हरवलंय. सगळे या."

सगळे आले. वस्तीतली माणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावरून परतत होती, ती टोपली-फावड्यांसकट उतरली. वरून आमच्या गल्लीतल्या बायका आल्या. आत्याबाई आल्या, आणि त्यांचा हात धरून तापानं लाल झालेल्या जाऊबाई. जाऊबाईंनी मला काहीच विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वस्तीतल्या एका वयस्क गड्यानं सगळ्यांना नदीच्या रुंदीभर एका ओळीत उभं केलं. हाताला हात लागेल एवढ्या अंतरानं चालायचं, एकही झिरा पाहिल्याशिवाय सोडायचा नाही, आत उतरायचं, चाचपायचं, आणि पाहून झालेल्या झिऱ्यात बाभळीची डहाळी उभी खोवायची. ओळ वरच्या अंगाला आमच्या झिऱ्यांपाशी आली तेव्हा चुलतसासरे काठी टेकत उभे राहिले.

"आमच्या झिऱ्यात तुमी उतरू नका. आमचे मानसं बगतील."

"तुमचे मानसं लातूरला हायेत," तो गडी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही.

आत्याबाई मधे आल्या. "भाऊजी, बाजूला सरा. पानी पुन्ना झिरपंल."

ते सरले. माणसं उतरली. आमच्या झिऱ्यांतही डहाळ्या उभ्या राहिल्या.

पाणी म्हणावं असं नदीत एकाच ठिकाणी उरलेलं, खडकाखालचा डोह, हिरवागार, शेवाळ धरलेला. त्या डोहाकडं सगळे मधूनमधून पाहत होते. शेवटी दोघं सदरे काढून आत गेले. जाऊबाई काठावर बसल्या. त्या रडत नव्हत्या. डोळे पाण्यावर, आणि हाताला लागेल तो खडा उचलून एकावर एक रचत होत्या. रास ढासळली की परत पहिल्यापासून. डोहातला माणूस बुडी मारून वर आला की तो नुसती मान हलवायचा, आणि त्या पुढचा खडा ठेवायच्या. मी त्यांच्या मागं उभी होते. वळणापाशी मी त्याला पाहिलं होतं, हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे डोहाकडं पाहत होते, आणि वळण डोहाच्या उलट्या अंगाला होतं.

तेव्हा मी बोलले. आयुष्यात एवढं अवघड काही बोलले नाही. "त्ये इकडं आले न्हाईत," म्हटलं. "टिटवीमागं वळनावर गेले. मी बगितलं."

जाऊबाईंनी वळून पाहिलं. हातातला खडा त्यांनी टाकला नाही. मुठीत धरून त्या वळणाकडं चालू लागल्या.

सूर्य मावळतीला गेलेला. ट्रॅक्टर परत आला, पुरुष ट्रॉलीतून उड्या टाकून नदीत धावले. आणि त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. पुरुषांना बंधन नाही, ते नाव घेऊ शकतात. माझे मालक, थोरले दीर, गल्लीतले सगळे, मग वस्तीतली माणसंही. सगळ्या नदीत सासऱ्याचं नाव. एक हाक संपायच्या आत दुसरी. त्या कोलाहलात कुणी उत्तर दिलं असतं तरी कुणाला ऐकू आलं असतं? पण थांबायची कुणाची हिंमत नव्हती. थांबणं म्हणजे मान्य करण्यासारखं होतं.

आत्याबाई वाळूच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ते नाव घेतलं. नुसतं नाव, मागं-पुढं मान नाही, 'राव' नाही, 'अहो' नाही. सगळं गाव ऐकेल असं. आवाज मधेच फाटला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा घेतलं.

नदी गप्प झाली. पुरुषांचे हात तसेच वर राहिले. थोरले दीर आईकडं पाहत उभे. चुलतसासऱ्यांनी मान खाली घातली. तिथल्या कुणीच ते नाव त्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मला वाटतं ज्याचं होतं त्यानंही नसेल.

आणि त्या गप्पपणात पलीकडच्या काठाखालून बारीक आवाज आला. रडून बसलेला, घोगरा.

"ओ."

काठाच्या पोटाशी एक जुना झिरा होता. त्याच्यावरचे काटे जसेच्या तसे, म्हणून ओळीतल्या सगळ्यांनी तो वरूनच पाहून सोडला होता. पण काठाच्या बाजूनं वाळू खचून कुत्र्याला जाता येईल एवढं भोक पडलं होतं. धाकले त्यातून आत सरकले होते, आणि मागून वाळू घसरून कमरेपर्यंत गाडले गेले होते.

फावडं कुणी लावू दिलं नाही. काटे काढले, आणि ती खालच्या झिऱ्यावरची बाई, अंगानं बारीक, आत उतरली. ती हातानं वाळू उपसायची, थोरले दीर वरून टोपलं ओढायचे. मधे एकदा कड ढासळली, तिनं स्वतःच्या पाठीवर घेतली. मग लाल सदरा वर आला. जाऊबाईंच्या मुठीतला खडा तेव्हा कुठं पडला.

लेकराला आधी पाणी पाहिजे होतं. तिनं आपल्या घरच्या तांब्यातलं ओंजळीनं पाजलं. काठावर आमच्यातले सगळे उभे होते, कुणी आडवं आलं नाही. लेकरू प्यालं, अजून मागितलं, तिनं अजून दिलं. दुसऱ्या दिवशी मी झिऱ्यावर गेले तेव्हा चुलतसासरे करंजाखाली काठी घेऊन बसलेलेच होते. रेघ एका संध्याकाळीत पुसते असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. एवढंच झालं, की ती बाई दिसली की मी थांबायची, आणि ती म्हणायची, "काय, जीभ आली का म्हायेराहून?"

धाकले आता माझ्याएवढेच म्हातारे दिसायला लागलेत, टक्कल पडलंय. मी त्यांना पार गल्लीच्या टोकावरून नाव घेऊन हाक मारते. इथं ते नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच मला तंबी दिली आहे, "काकू, माझ्या उघड्या ढुंगणाचं लिहिशील तर नाव घालू नको."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माझी ट्रंक काढून ठेवली. वाटलं, आता लोह्याची बस. थोरले दीर ओसरीवर बसलेले, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आत्याबाई चुलीपाशी धाकल्यांना मांडीवर घेऊन त्यांच्या पायांची वाळू ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तोंड उघडलं होतं, काठावर चुलतसासरे बसले होते, नाव कसं घ्यायचं, म्हणून घागर भरत बसले. सांगताना मला वाटलं, निदान रीत पाळली एवढं तरी त्या म्हणतील.

त्यांनी फडकं पिळलं. भिंतीवरच्या फोटोकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी जलमभर त्यांचं नाव घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या, "का, तर आयुष्य वाढतं म्हनं. ऱ्हायले का ते? तू आपली हाक मारत जा, बाई."