जावयाची मोरी

घाटातली जावयाची मोरी रस्त्याच्या भरावाखाली बुजली, असं मी माझ्या सासऱ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मोरी जागच्या जागी होती. आदल्याच दिवशी मी तिच्या कमानीत बसून डबा खाल्ला होता.

सासरे छोट्या रेल्वेवर चावीवाले होते. ती गाडी लातूरहून निघून पुढं येडशीच्या घाटातून जायची. चावीवाल्यानं रोज खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी बघायचा, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची. रुळाखालून पाणी जायला दगडी मोऱ्या होत्या. कागदावर त्यांना नंबर असले तरी गँगमधल्या माणसांनी नावं ठेवली होती. एक मोरी बांधणीनं देखणी, कमानीची, पण ऐन पावसातही तिच्यातून थेंब जायचा नाही. ती जावयाची मोरी. "नुसती थाटात बसल्याली, कामाची न्हाई," असं म्हणून सासरे माझ्याकडं बघत हसायचे. नोकरीभर त्यांनी दुपारची भाकरी तिथंच खाल्ली. पुढं गाडी बंद झाली, रूळही उचलून नेले. वय झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती: एकदा त्या कमानीत जाऊन बसायचं.

ती शोधायचं काम मी अंगावर घेतलं. मी थोरला जावई, लातुरात शिक्षक. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून घाटात जायचो. मोबाइलवरचा नकाशा, वही, मोऱ्यांच्या नंबरांची यादी. रूळ गेले तरी वाट दिसायची: काळी खडी, डोंगर फोडून केलेली खिंड, बाभळींत शिरलेला पडका फलाट. नंबरांचे दगड मात्र लोकांनी नेलेले, त्यामुळं माझी मोजणी दरवेळी चुकायची. बायको म्हणायची, "घरातली मोरी चार दिवसांपासून तुंबलीय, ती तेवढी सापडंना तुम्हाला!" पण संध्याकाळी मी सासुरवाडीला, रेणापूरला फोन केला की सासरे पावलापावलाचं विचारायचे. त्या फोनसाठीच मी जात होतो, हे आज कळतं.

कारण एरवी त्या घरात माझा साडूच लाडका. तो हदगावचा, शेती करणारा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सासरे मला 'सर' म्हणायचे आणि त्याला 'अरे गाढवा'. त्या 'गाढवा'चा मला हेवा वाटायचा. तो आला की ओसरीवर हशा पिकायचा, मी आलो की सतरंजी झटकली जायची.

एका रविवारी तो माझ्यासोबत घाटात आला. मी वही उघडून मोजत होतो. त्यानं शेळ्या राखणाऱ्या एका बाईला हाक मारली.

"मावशी, हिकडं जावयाची मोरी कुठं हाय?"

"कोणत्या जावयाची? दोघं दिसत्यात की."

"कामाचा न्हाई त्याची."

"मंग दोघायचीबी आसंल," ती हसली. "ती काय, लिंबाच्या पल्याड. शेरडं उन्हाची तिथंच बसत्यात."

दोनशे पावलांवर. मी कितीतरी वेळा त्या मोरीच्या डोक्यावरून गेलो होतो. वरून कमान दिसत नव्हती. आणि चार वर्षांत मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं. मला नंबर हवा होता.

साडूला सोयाबीनच्या काढणीसाठी त्याच दिवशी परत जायचं होतं. बसमध्ये चढताना म्हणाला, "गुरुजी, मामाला तुम्हीच सांगा. पाय तुम्ही झिजवलेत." त्यानं श्रेय ओरबाडून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हे असं देऊन टाकणं फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी रेणापूरला गेलो. सांगायचं तर त्याचं नाव घ्यावं लागणार, सासऱ्यांचा चेहरा त्याच्या नावानं उजळणार. तोंडातून निघालं, "मामा, मोरी बुजली. रस्त्याचा भराव पडलाय."

"बुजली का," ते म्हणाले. "बरं."

पुढं साडूचा फोन आला, "मामाला कधी न्यायचं?" मी म्हणालो, "त्यांचे पाय बरे नाहीत." हे दुसरं खोटं. पण थोड्याच दिवसांत ते खरं झालं. सासूबाईंनी सांगितलं, "सकाळी मारुतीपर्यंत जायाचे, घाट चढायचा म्हणून पाय मोकळे करत हुते. आता बाजंवरून उठंनात. कुठं जायचंय म्हणत्यात."

दसऱ्याला सगळे रेणापुरात जमलो. साडू हातपाय धुवायला मागच्या दारी गेला, तेव्हा मी बाजेजवळ खाली बसलो आणि हळूच म्हणालो, "मामा, मोरी बुजलेली नाही."

"आँ? तुंबली?"

"बुजली नाही म्हणतोय."

"मोठ्यानं बोला सर, ऐकू येईना."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. साडू टॉवेल घेऊन दारात उभा राहिला. मला ओरडावंच लागलं.

"मोरी जागेवर आहे, मामा! ती मला सापडली नाही, ह्यानं शोधली. मला ते सोसलं नाही, म्हणून बुजली असं खोटं बोललो. ह्यालाही फसवलं. माझं चुकलं. तुम्ही दोघं मला माफ करा!"