सकर फिरत राहिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय—मलाही नीट कळत नाही.

नगरच्या एका हॉस्पिटलात मी बारा वर्षं हार्ट-लंग मशीन चालवते. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं काम त्या पंपाचं. समीना शेवगावची, माझ्याहून बरीच लहान. मीच शिकवलं तिला. आणि दीड वर्षात आमचे सर्जन, सर, अवघड केस आली की म्हणायला लागले, "पंपावर समीनाला बसवा." माझ्यादेखत! मी हसायचे. आतून नुसती जळायचे.

त्या दिवशीही पंपावर तीच. मी शेजारी, नोंदी करायला. पेशंट पारनेरकडच्या एक अंगणवाडीसेविका. झडप बदलून झाली, हृदय चालू झालं, पंप थांबवला. आता पंपासाठी पातळ केलेलं रक्त पुन्हा नेहमीसारखं गोठावं म्हणून प्रोटामिन द्यायचं. ते सुरू झालं की छातीतलं रक्त मशीनमध्ये ओढणारा छोटा पंप, सकर, ताबडतोब बंद करायचा. नाहीतर औषध मशीनमध्ये शिरतं, तिथलं रक्त गोठतं—आणि पुन्हा पंप लागला तर?

भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "प्रोटामिन सुरू." नेमकं तेव्हाच सर समीनाशी काहीतरी बोलत होते. तिला ऐकू गेलं नाही. सकर फिरत राहिला.

मला ऐकू आलं होतं.

दोनच शब्द—'सकर बंद'. नुसता हात पुढे केला असता तरी भागलं असतं. पण मनात काय आलं, सांगू? दिसू दे की सरांना, त्यांची लाडकी कशी चुकते ते!

मी नोंदी लिहीत राहिले.

काही मिनिटांत पेशंटबाईंचं प्रेशर कोसळलं. सर ओरडले, "परत पंपावर घ्या!" मशीनच्या टाकीत गाठी झाल्या होत्या. नवीन जोडणी होईपर्यंत सर हातानं हृदय दाबत होते.

बाई वाचल्या. पण मेंदूला रक्त कमी पडून उजवा हात कायमचा लुळा पडला, बोलणं अडखळतं झालं.

समीनानं सगळी चूक स्वतःवर घेतली. सरांनी मला विचारलं, तुम्हाला ऐकू आलं होतं का? मी म्हटलं, "नाही." वर हेही म्हटलं—"नवीन आहे, सर, होतं असं."

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. जाताना माझा हात धरून रडली. "ताई, तुमीच तेवढ्या माझ्या बाजूनं बोलल्या. लई आधार वाटला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या सोमवारी अवघड केस होती. सरांनी माझं नाव घेतलं. आणि मला—खोटं कशाला बोलू—आनंद झाला.