सोबत आलेल्यांची खाट

नलिनीअक्कांची पहिली भेट झाली त्या दिवशी माझी एरंडोलची शेवटची बस चुकली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गुडघेदुखीसाठी मी मेहरूणला त्यांच्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आणलं होतं. आबांना सुया लावून झाल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या. "आणि तुला गं कुठे दुखतं?"

"मला काही नाही. मी सोबत आलेय."

"सोबत येणाऱ्यालाच जास्त दुखतं," म्हणत त्यांनी शेजारच्या खाटेवर चादर अंथरली. आई गेल्यापासून मी नीट झोपले नव्हते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्कांनी सुया काढल्या तरी मला जाग आली नाही. त्या रात्री त्यांच्या घरी त्यांचे यजमान, नाना, यांनी केलेली खिचडी आम्ही खाल्ली. पुढे मी अक्कांकडेच हे काम शिकले, आणि दवाखान्याची वही माझ्या गळ्यात पडली.

अक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवलेखात तक्रारी नसाव्यात, असं संपादकांनी बजावलं आहे. मग लेख माझ्याकडे मागायला नको होता. वहीत एक नाव लिहावं आणि दारात अख्खं कुटुंब उभं राहावं, हे मी वर्षानुवर्षं सोसते आहे. धुळ्याकडच्या एका सूनबाई सासूचा खांदा दाखवायला आल्या. अक्कांनी त्यांनाच गाठलं. "माले काही व्हयेल नही, मी त सासूसंगे येल शे," असं त्या सांगत होत्या, तोवर अक्कांनी त्यांना आडवं केलंसुद्धा. मग त्यांच्या बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीवर उपचार झाले, बाळाच्या पोटदुखीसाठी पाय नुसते अंगठ्याने दाबून झाले, आणि शेवटी नवऱ्याला बोलावून विचारलं, "पाण्याचे हंडे घरात कोण उचलतं?" बाहेरच्या रुग्णांची बोलणी अर्थात मी खाल्ली.

बरं, गर्दी हवी म्हणून त्या असं करतात म्हणावं, तर तेही नाही. आमचे जुने रुग्ण असलेले एक शेटजी छातीत कळ आली म्हणून सुया लावून घ्यायला आले. "हे सुईचं काम नाही," म्हणून अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे रिक्षात घातलं आणि स्वतः इस्पितळापर्यंत गेल्या. शेटजी वाचले, तरी दारातून परत पाठवल्याबद्दल पुढे कितीतरी दिवस रुसले होते. अक्का मात्र त्यांच्या घरी जाऊन पथ्य विचारून येत. इतका लोचटपणा मला जमला नसता.

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. पंच्याहत्तरीतही अक्का दर मंगळवारी तिथले रुग्ण बघायला एसटीने धुळ्याला जातात, जागा मिळाली नाही तर दांडीला लोंबकळत. गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा कापूस मला काढायला सांगतात, केस डाव्या हाताने विंचरतात. आणि मी विचारलं की एकच उत्तर, "बाहेर रुग्ण थांबलेत." जगाचे खांदे चाचपणाऱ्या बाईंनी स्वतःचा असा वाळीत टाकावा? हा हात गेला तर इतक्या घरांनी कुणाकडे जायचं? मी रागावले, रडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही.

गेल्या महिन्यात नानांचा गुडघा धरला. मी त्यांना सुया लावत होते आणि उशाशी उभ्या राहून अक्का माझ्या चुका काढत होत्या. तेव्हा एकदम सुचलं. मी वही उघडली आणि विचारलं, "नानांसोबत कोण आलंय?"

"मी," अक्का म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा पडला.

मी शेजारच्या खाटेवर चादर अंथरली. "अगं, बाहेर..." त्या सुरू झाल्या. तेवढ्यात धुळ्याकडच्या त्याच सूनबाई, ज्यांचं बाळ आता शाळेत जातं, दारातून म्हणाल्या, "पडा अक्का. बठ्ठा थांबतस." बाहेरचे सगळेच थांबायला तयार होते.

अक्का आडव्या झाल्या. खांद्याला हात लावताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं दुखत होतं, आणि हे मला माहीत नव्हतं. त्याची मला फार लाज वाटली.

अक्कांना शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य मिळावं असं आपणा सर्वांनाच वाटतं. त्यासाठी मी वहीत त्यांचं नाव घातलं आहे: दर मंगळवारी अकरा वाजता, खिडकीजवळची खाट. धुळ्याला आता मी जाईन, बुधवारी. अक्कांनी वेळेवर यावं. सोबत कुणी आलं तर त्यालाही झोपवण्यात येईल.