शेवटचा टप्पा

साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला गळीत हंगामात झोप नसते. त्यात काही बदल करायचा म्हटलं की मी दहादा विचार करतो. म्हणून वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांचे नंबर लावणारं ॲप नवं केलं, तेव्हा ते एकदम सगळ्यांना दिलं नाही. आधी एका गटाच्या ड्रायव्हरांना, नीट चाललं तर पुढच्या गटाला, असं टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरवलं. जळकोटच्या चाचांना, आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरना, मुद्दाम शेवटच्या टप्प्यात ठेवलं. त्यांची लेक माहेरी बाळंत झाली होती आणि ॲप सुरू करायच्या दिवशीच संध्याकाळी बाळाला घेऊन सासरी निघणार होती. हंगामामुळं चाचांनी नातवाला अजून पाहिलंही नव्हतं. त्यांच्या नंबराला धक्का लागू नये, गाडी रिकामी करून ते वेळेत घरी पोचावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

पण आमच्याकडं नवी गोष्ट चार जणांनाच दिली की बाकीच्यांना डावलल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत पहिल्या गटानं ते ॲप अख्ख्या यार्डाला पाठवून टाकलं, एकमेकांना चहा पाजावा तसं. माझे टप्पे गेले उडत. भरलेल्या गाडीवाल्यानं ते घेतलं की जुना नंबर जाऊन रांगेतला शेवटचा मिळत होता. पहिल्या गटाच्या गाड्या तेव्हा रिकाम्या होत्या, म्हणून मला काही दिसलंच नव्हतं.

चाचा फोन घेऊन आले. पुढं तीनच गाड्या असलेला माणूस आता सगळ्यांच्या मागं गेला होता. हातानं नंबर बदलायची सोय मीच काढून टाकली होती, वशिला चालू नये म्हणून. काटेवाल्याला विनवलं, तर तो म्हणाला, स्क्रीनवर आल्याशिवाय गाडी घ्यायची नाही असं तुम्हीच सांगितलंय. मी वैतागून गेलो.

"चाचा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं घ्यायला?"

"समद्यांला दिलं न् मला न्हाय. मला वाटलं, म्हातारा झालो म्हणून मागं ठिवलं."

मी खरं कारण सांगितलं.

"मग हे आधी सांगायचं व्हतं, साहेब."

त्यांची गाडी रिकामी झाली तेव्हा उजाडलं होतं.

चूक दुरुस्त करून मी पुन्हा टप्पे पाडले, तर चाचा सगळ्यांच्या आधी हजर. या बारीला पयलं मला द्या, म्हणाले, आणि फोन पुढं केला. स्क्रीनवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं, सासरी निघालेल्या जीपमध्ये आईच्या मांडीवर. तो फोटो बाजूला सारून मला अपडेट टाकायचं होतं.