दादाची दाढ

माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्प्रिंगा आहेत. डॉक्टर स्टेंट म्हणतात, आमच्या घरात सगळे स्प्रिंगाच म्हणतात. तेव्हापासून मी अळणी भाज्या खातो, सकाळी चालतो, गोळ्या चुकवत नाही. आणि थोरल्या भावावर जळतो. हे शेवटचं आजवर कुणाला बोललो नव्हतो.

दादाचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप आहे. बिडी ओढतो, तांबडा रस्सा वाटीनं पितो, तपासणी कसली ती माहीत नाही. तरी ठणठणीत. साताऱ्याला आमच्याकडे आला की बायको त्याच्यासाठी मटण करते आणि मला दोडका वाढताना म्हणते, "भाऊजी बघा, या वयात कसे ताठ आहेत." मी मान खाली घालून जेवतो. एकाच आईच्या पोटचे आम्ही. मग स्प्रिंगा बसवायची ती नळी माझ्याच मनगटातून का गेली?

गेल्या थंडीत तो आला. आमचं घर किल्ल्याच्या उतारावर, रिक्षा खालीच सोडलेली. दोघं चढ चढत होतो. मध्येच तो थांबला आणि त्यानं डावा जबडा दाबून धरला.

"काय झालं रं दादा?"

"दाढ. चढ लागला की ठणकती. उभं ऱ्हायलं की जाती."

याच चढावर माझाही जबडा असाच धरायचा. मी महिनाभर लवंग दाबून हिंडलो होतो, आणि दुखणं निघालं हृदयाचं. दाढेला चढ-उतार कळत नाही.

तेव्हा मला आधी काय वाटलं ते लिहितो. बरं वाटलं. ये, आता तूही बस माझ्या पंगतीला. भीती वाटली ती त्यानंतर.

त्याला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. "ही दाढ न्हाई दादा. हे छातीचं दुखणं हाय. हितनंच दवाखान्यात जाऊ."

तो हसला. "तुला स्प्रिंगा बसल्या म्हणून मला बी बसवायला निघालास व्हय? जोडीदार पायजे तुला!"

थट्टाच ती, पण नेमकी बसली. मी समजावत गेलो तसा तो जास्तच हसत गेला. "चल गड्या, मटण गार हुतंय," म्हणत उठायला लागला.

मी त्याच्या खांद्यावर हात दाबला. "व्हय, जळतो मी तुझ्यावर. स्प्रिंगा बसल्यापासनं जळतोय. आत्ता तू जबडा धरलास तवा मला बरं बी वाटलं. एवढं वंगाळ तोंडानं सांगतोय, मग बाकीचं खोटं कशाला सांगू? उठू नगंस. रिक्षा आणतो."

तो परत पायरीवर टेकला.

"लय दिस दाबून ठेवलंस की रं," म्हणाला. "जा, आण रिक्षा."

कार्डिओग्राम स्वच्छ आला. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुस्तीच मारली. पण चढाचं ऐकून डॉक्टरांनी त्याला सोडलं नाही, पुढच्या तपासण्या करायला लावल्या. एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. तूर्त स्प्रिंग नको. गोळ्या, पथ्य, चालणं आणि बिडी कायमची बंद. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले.

दादाचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात घट्ट धरला. मीही धरला. आणि मनात म्हणालो, एकच? तीही गोळ्यांवर?