शेषगिरीअण्णांच्या कपाटातली शिट्टी

शेषगिरीअण्णांच्या घरी कुकर आहे, पण त्याची शिट्टी कपाटात असते. कपाटाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. दाजीबानपेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत लोक कपाटात सोनं ठेवतात, घराची कागदपत्रं ठेवतात, एकानं तर वारलेल्या सासऱ्याची कवळी जपून ठेवली आहे. पण कुकरची शिट्टी कुलपात ठेवणारे अण्णा एकटेच.

याचं मूळ तारिहाळला आहे. तिथल्या एका लहानशा कारखान्यात अण्णा फोरमन. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिथली दाबून भरलेल्या हवेची टाकी फुटली. फुटण्याआधी तिच्या झडपेनं लांबलचक शिट्टी दिली, ती कसली म्हणून अण्णांनी मान वळवली, आणि पुढच्या क्षणी अर्धं छप्पर आकाशात. अळणावरकडचा कामगार सटवाजी जवळ उभा होता, त्याचा हात मोडला. अण्णांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सटवाजी प्लास्टर काढून कामावर आला आणि नव्या टाकीला टेकून तंबाखू मळायला लागला. अण्णा मात्र घरी जेवायला बसले असताना हेमावतीवैनींच्या कुकरनं शिट्टी दिली, तसे ताटावरून उठले आणि अनवाणी पळत कोपऱ्यावरच्या कापडदुकानात, धोतरांच्या गठ्ठ्यांमागं जाऊन बसले. दुकानदारानं आधी त्यांना दोन जोड्या दाखवल्या, मग पाणी दिलं.

पहिल्यांदा गल्ली हसली. नंतर ज्यांनी ज्यांनी त्यांना गठ्ठ्यांमागून उठवून आणलं, ते हसायचे थांबले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि वैनी समोर उभ्या असून ही कोण हे कळायला थोडा वेळ लागतोय. घरी आल्यावर मात्र अण्णा लाजून लाजून अर्धे होत. हात मोडून सटवाजी पुन्हा कामाला लागला आणि मला धडधाकट माणसाला हे काय लागलं, हा त्यांचा प्रश्न. शेवटी त्यांनी स्वतःच कुकरची शिट्टी काढली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. तेव्हापासून वैनी वरण पातेल्यात शिजवतात. तूरडाळ पातेल्यात शिजवणाऱ्या बाईशी काय बोलावं आणि काय बोलू नये हे अण्णांना कळतं, म्हणून ते जेवताना गप्प असतात.

पण गल्लीत कुकर काय एकच आहे? घरं एकमेकांच्या कुशीत. तेव्हा शेजारणींनी आपणहून एक पद्धत घातली. कुकर फुसफुसायला लागला की खिडकीतून कानडीत हाक यायची, “अण्णा, सीटी होडीतैति नोड्री!” शिट्टी होणार हे आधी कळल्यामुळं अण्णांना तयारीला वेळ मिळायचा. पळणं थांबलं नाही, पण पायात चपला आल्या.

कारखान्यात मालकानं त्यांना फाटकापाशी खुर्ची दिली. आत मशिनांचा फोरमन, बाहेर येणाऱ्या ट्रकांना सलाम करतोय. पगार तोच होता, पण अण्णांना तो पगार खाली मान घालून घ्यावा लागे. घरातली शिट्टी सहन झाली तरच कारखान्याच्या आत पाय टाकायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यामुळं ती कपाटातली शिट्टी नुसती वरणाची राहिली नव्हती.

गोळ्या झाल्या. झोप सुधारली, भूक सुधारली, पळण्याचा वेगही सुधारला. मग विद्यानगरातल्या डॉक्टर उत्तराबाईंनी चुंबकाचा उपचार सुचवला. त्यांनी अण्णांना समजावलं ते असं, की डोक्यात एक भोंगा वाजवणारा असतो आणि एक तो बंद करणारा. तुमचा भोंगा उत्तम आहे, बंद करणारा पेंगलाय. डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन त्याला जागं करायचा प्रयत्न करू. या आजारासाठी हा उपचार अजून तपासला जातोय, काहींना गुण येतो, काहींना नाही, आणि सोबत माझ्याशी बोलायलाही यावं लागेल.

“म्हणजे शिफ्टचा माणूस झोपलाय, असं म्हणा की,” अण्णा म्हणाले. हा आजार त्यांना पहिल्यांदाच ओळखीचा वाटला. झोपलेले शिफ्टवाले त्यांनी आयुष्यभर उठवले होते.

गल्लीत मात्र बातमी शिरली ती अण्णांना करंट देणार म्हणून. समोरचे विठ्ठलराव वकील निवृत्त झाल्यापासून त्यांची मतं फुकट मिळतात. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. रक्तात लोह असतं. डोक्याला चुंबक लावला तर सगळं लोह वर चढणार, आणि पायांत काय राहणार? वैनींचा जीव खाली-वर झाला. रक्त वाढावं म्हणून त्या दोन वर्षं अण्णांना पालक आणि खजूर चारत होत्या. त्या दिवसापासून पालक बंद. डॉक्टरांनी असं काही होत नाही म्हणून सांगितलं तेव्हा वैनींनी मान डोलावली, पण खजुराचा डबा वरच्या फळीवर गेला तो गेलाच.

पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या रेश्मानं अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. ही मुलगी अण्णांच्या निम्म्या वयाची, पण मशीन चालवते म्हणून अण्णा तिला अक्का म्हणत. घड्याळ निघालं, अंगठी निघाली. मग अण्णांनी सदऱ्यात हात घातला, थोडं थांबले, आणि जानव्याची किल्ली सोडून वैनींच्या हातावर ठेवली. लग्न झाल्यापासून ती किल्ली वैनींच्या हातात कधी आली नव्हती. त्यांनी ती मुठीत धरली आणि परत येईपर्यंत मूठ उघडली नाही.

खुर्ची दातांच्या डॉक्टरकडं असते तशी. डोक्याला कापडी टोपी, बाळंतविड्यात देतात त्या टोपड्यासारखी. तिच्यावर रेश्मा पेनानं खुणा करते, म्हणजे रोज ठोका त्याच जागी पडतो. वरून दोन पुऱ्या एकमेकींना चिकटवाव्यात तसं एक यंत्र. कानात बोळे. आणि मग टक्, टक्, टक्. आवाजाला घाबरणाऱ्या माणसाचं औषधच असं आवाज करणारं. पहिल्या टक्‌ला अण्णा खुर्चीतून उठून थेट जिन्यावर. टोपडं घातलेला फोरमन जिन्यावर उभा बघून वर येणारे एक पेशंट तसेच खाली गेले. दुसऱ्या दिवशी वैनींनी हात धरून बसवलं. तिसऱ्या दिवसापासून अण्णा डोळे मिटून, दात आवळून बसायला लागले आणि घरी येऊन आडवे पडायला लागले. डोकं थोडं दुखायचं. शेजारच्या कुकरला पळणं चालूच होतं.

रोज घरातून निघताना किल्ली वैनींकडं यायची, रोज परत आल्यावर जानव्याला जायची.

मग ते टोपीचं झालं. दवाखान्यात ज्याची टोपी त्याच्या नावाच्या पिशवीत राहते. पण कारखान्यात ज्याची हत्यारं त्याच्याकडं, ही अण्णांची शिस्त. एका संध्याकाळी त्यांनी टोपी घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आणली. घरात वैनींची शिस्त. दवाखान्यातून आलेलं कापड उंबऱ्याच्या आत येत नाही, परसात जातं आणि उकळत्या पाण्यात पडतं. सोडा, साबण, वर थोडी नीळ. सकाळी टोपी इडलीसारखी पांढरी झाली. वैनींनी तिला इस्त्रीसुद्धा केली.

दवाखान्यात रेश्मानं टोपी उलटीपालटी करून पाहिली. खूण एक नाही.

“अण्णा, हे कुणी धुतलं?”

अण्णांनी वैनींकडं पाहिलं नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठं बघायचं नाही ते कळतं. वैनी स्वतःच पुढं झाल्या, “मीच. फार मळलं होतं. पेनाचे डाग तर निघता निघत नव्हते.”

रेश्मा बिचारी आधी हसली, मग कामाला लागली. जागा पुन्हा पहिल्यापासून शोधायची होती. ती शोधायची रीत अशी, की डोक्यावर एकेक ठोका देत सरकायचं आणि हाताचा अंगठा आपोआप उडाला की तिथून पुढचं माप धरायचं. पहिल्या खेपेला हे झालं तेव्हा अण्णा डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. आज रेश्मानं त्यांनाच अंगठ्यावर नजर ठेवायला सांगितली.

झालं. फोरमनला काम मिळालं. टक्. अण्णांचे डोळे अंगठ्यावर. काही नाही. टक्. करंगळी हलली. ते अण्णांनी नापास केलं. टक्. “थोडं उजवीकडं घ्या, अक्का.” टक्. अंगठा टुणकन उडाला, आणि अण्णा अंगठ्याला शाबासकी द्यावी तसे मोठ्यानं हसले. वैनी कोपऱ्यात बसून बघत होत्या. आवाज तोच, खुर्ची तीच, आणि हा माणूस पळायचं विसरला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. रेश्माला वाटलं टोपीचं वाईट वाटतंय, म्हणून ती म्हणाली, असू द्या मावशी, होतं असं.

डॉक्टर उत्तराबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या की चांगलं आहे, पण एका हसण्यावर एवढ्यात काही ठरवू नका. मग बोलण्याच्या वेळी त्यांनी शिट्टीचा विषय काढला. आधी शिट्टीचं नुसतं नाव, मग मोबाइलवरचा बारीक आवाज, मग जरा मोठा. अण्णांना घाम फुटायचा, तरी ते बसायचे. पुढं पुढं शेजारणींच्या हाकेला ते चपला घालून दारापर्यंत जात, आणि दारातच उभे राहत. कापडदुकानदारानं एकदा चौकशी केली, अण्णांची तब्येत बरी आहे ना, बरेच दिवसांत आले नाहीत.

उपचार संपला त्या रविवारी सकाळी अण्णांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि शिट्टी आणून वैनींच्या पुढ्यात ठेवली. वैनी डाळ निवडत होत्या.

अण्णा म्हणाले, “किल्ली रोज तुझ्याकडंच होती. काढायची होतीस की.”

“मी काढून काय उपयोग होता? तुम्ही ठेवली होती.”

एवढंच बोलून वैनी उठल्या आणि माळ्यावरून कुकर उतरवला. त्यात कोंबून ठेवलेले गोधडीचे तुकडे काढले. डाळ लावली. अण्णा माजघरात खुर्चीवर बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. खिडकीतून शेजारणीनं सवयीनं हाक दिली, “अण्णा, सीटी होडीतैति नोड्री!” विठ्ठलराव सवयीनं आपल्या ओट्यावरून उठून रस्ता मोकळा करून उभे राहिले.

शिट्टी झाली.

आणि वैनी सवयीनं, हातात पळी तशीच, खुर्चीकडं न बघता धावत रस्त्यावर. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पदर खोचून कोपऱ्यापर्यंत गेल्या. कापडदुकानात गठ्ठ्यांमागं वाकून पाहिलं. दुकानदारानंही वाकून पाहिलं. नाहीत. आता हा माणूस गेला तरी कुठं? घरातून दुसरी शिट्टी ऐकू आली. त्या उलट्या पावली पळत सुटल्या, तोवर तिसरी.

घराच्या दारात अण्णा उभे होते. कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला, एक हात चौकटीवर. पायांत चपला नव्हत्या, त्या जागच्या जागी होत्या.

“तीन झाल्या,” अण्णा म्हणाले. “गॅस बंद केलाय. तू कुठं गेली होतीस?”